वारा स्कॉटलंडचा, बिल साऱ्या ब्रिटनचे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या प्रश्नावर आपल्या दैनिकात पंधरवड्यापूर्वी आलेला लेख मी इथे, पर्थशायरमधल्या एका खेड्यात बसून दोनदा वाचला. इतिहासाचा भाग नेटका होता आणि दोन्ही बाजूंना न्याय देण्याचा लेखकाचा प्रयत्नही जाणवला. मात्र उत्तर समुद्रातले तेल आटत चालले असले तरी यापुढे वारा स्कॉटलंडला पोसेल, अशा आशयाचे एक वाक्य त्यांनी जाता जाता लिहिले आहे. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. ते वाक्य इथल्या प्रचारसभांतही याच सहजतेने उच्चारले जाते आणि टाळ्या घेते. तेल आणि वारा ही दोन्ही निसर्गाची देणगी खरी, पण हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद एका बाजूला होत नाही. तेल काढणाऱ्या कंपन्यांनी सरकारच्या तिजोरीत पैसे भरले. पवनचक्क्या उभारणाऱ्यांना मात्र गेली वीसबावीस वर्षे ग्राहकांच्या वीजबिलांतून पैसे दिले गेले. त्यामुळे एखादा प्रदेश वेगळा झाला तर तेलाबाबत ‘उत्पन्न कोणाचे’ हा प्रश्न पडतो आणि वाऱ्याबाबत ‘बिल कोण भरणार’ हा.

मी मूळचा पाटण तालुक्यातला. वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या तेव्हा मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात होतो. लांबलचक ट्रेलरवरून एकेक पाते घाट चढू लागले, की वळणावळणावर माणसे गोळा होत. त्या पवनचक्क्यांची मालकी मात्र बहुतांशी पुण्यामुंबईच्या कंपन्यांकडे होती, कारण यंत्रसामग्रीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी आधी शंभर टक्के आणि पुढे ऐंशी टक्के घसारा दाखवून प्राप्तिकर वाचवण्याची सोय कायद्यात होती. वारा साताऱ्याचा आणि करसवलत देशाच्या तिजोरीतून, ही त्या व्यवहाराची गोम मला तेव्हा कळली नव्हती. वीजवहनाच्या क्षेत्रात नोकरी करत करत मी इथे आलो, सतरा वर्षे राहिलो आणि इथला हिशेब पाहताना वनकुसवड्याचा उलगडा झाला.

ब्रिटनमध्ये २००२ साली ‘रिन्यूएबल्स ऑब्लिगेशन’ नावाची योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या वीज कंपन्यांवर नवीकरणीय ऊर्जा खरेदीचे जे बंधन असते, त्याच्या जवळची ही कल्पना आहे. ग्राहकांना वीज विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने विकलेल्या विजेच्या ठराविक प्रमाणात हरित विजेची प्रमाणपत्रे दाखवायची; ती कमी पडली तर ठरलेल्या दराने पैसे भरायचे; आणि हे भरलेले पैसे ज्यांनी प्रमाणपत्रे दाखवली त्यांच्यात वाटले जायचे. प्रमाणपत्रे मिळतात पवनचक्कीवाल्याला, त्यांची किंमत मोजतो ग्राहक, आणि ग्राहक म्हणजे कॉर्नवॉलपासून शेटलंडपर्यंतचा प्रत्येक वीजजोडणीधारक. नवीन प्रकल्पांना या योजनेचे दार मार्च २०१७ मध्ये बंद झाले, जमिनीवरच्या पवनचक्क्यांना तर त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. पण आधी आत आलेल्यांचे हक्क २०३७ पर्यंत चालू राहणार आहेत. ब्रिटनचे सांख्यिकी कार्यालय या पैशाला करच मानते, जरी तो अर्थखात्याच्या हाती कधी पडत नसला तरी.

या योजनेतला एक तपशील मला नेहमीच मजेदार वाटत आला आहे. स्कॉटलंडसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती होती आणि कोणत्या तंत्राला दर एक हजार युनिटमागे किती प्रमाणपत्रे द्यायची हे एडिंबराचे, म्हणजे स्कॉटिश सरकारचे, मंत्री ठरवू शकत. २००९ साली बाकी ब्रिटनने समुद्राच्या लाटांवरच्या विजेला दोन प्रमाणपत्रे दिली, तेव्हा स्कॉटलंडने पाच दिली. खर्च मात्र साऱ्या देशाच्या बिलांवर पसरला. आमंत्रण धाकट्याने द्यायचे आणि पंगतीचा खर्च एकत्र कुटुंबाने उचलायचा, असा तो प्रकार होता. यात गैर काही नव्हते, कायद्यातच ती मुभा होती. पण उद्या घर वेगळे करायचे म्हटले तर ही मुभा कोणत्या वाटणीपत्रात लिहायची, हे कोणी तरी विचारायला हवे.

हा पैसा केवढा आहे, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या गावामागच्या टेकडीवर सुमारे ५० मेगावॉटची पवनचक्क्यांची रांग आहे. वर्षभराची सरासरी क्षमतेच्या २८ टक्के धरली, आणि इथल्या टेकड्यांवर ती तेवढी सहज मिळते, तर वर्षाला सव्वाबारा कोटी युनिटच्या आसपास वीज होते. दर हजार युनिटला एक प्रमाणपत्र. २०२४-२५ मध्ये प्रमाणपत्र न दाखवणाऱ्याने भरायचा दर ६४ पौंड ७३ पेन्स होता. म्हणजे विजेच्या विक्रीचे पैसे सोडून, नुसत्या प्रमाणपत्रांचेच वर्षाला ८० लाख पौंडांच्या घरात जातात. गावाला काय मिळते? स्कॉटिश सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वानुसार जमिनीवरच्या पवनचक्क्यांनी दर मेगावॉटमागे वर्षाला ५,००० पौंड स्थानिक निधीला द्यावेत, वर महागाईनुसार वाढ. कायद्याची सक्ती नाही, पण बहुतेक कंपन्या देतात. आमच्या निधी समितीत मी तीन वर्षे काम केले आहे. अडीच लाख पौंड ही खेड्याला काही लहान रक्कम नव्हे. तिच्यातून सभागृहाचे छप्पर झाले, म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात इंधनासाठी मदत झाली, तालुक्याच्या रुग्णालयात जायला मिनीबस सुरू झाली. तरी त्या बैठकांत चहा पिताना माझ्या मनात हटकून येई, की आपण अडीच लाख कसे वाटायचे यावर तासभर वाद घालतो आहोत आणि खिडकीतून दिसणाऱ्या त्या पात्यांना त्याच्या तीसपट रक्कम लीड्स, ब्रिस्टल, कार्डिफच्या घरांतून येते आहे.

आता २०१४ कडे वळतो. १८ सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात ५५.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला नकार दिला आणि ४४.७ टक्के लोकांनी होकार. त्याआधी नोव्हेंबर २०१३ मध्ये स्कॉटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेची भूमिका अशी होती, की देश वेगळा झाला तरी इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड यांचा विजेचा बाजार एकच राहील आणि हरित विजेला मदतही पूर्वीसारखी सामाईकच चालू राहील. लंडनने एप्रिल २०१४ मध्ये आपला प्रतिहिशेब मांडला: ब्रिटनच्या वीजविक्रीत स्कॉटलंडचा वाटा १० टक्क्यांच्या आसपास, पण या मदतीतला चौथ्या हिश्शाहून जास्त भाग स्कॉटलंडमधल्या प्रकल्पांना जातो, सगळा भार तिथल्याच ग्राहकांवर पडला तर २०२० साली एका घराचे वार्षिक ऊर्जाबिल जास्तीत जास्त १८९ पौंडांनी वाढेल. एडिंबराचे उत्तर असे होते, की युरोपीय संघाला कबूल केलेले २०२० चे उद्दिष्ट आमच्या वाऱ्याशिवाय तुम्ही गाठू शकत नाही, तेव्हा गरज तुम्हालाही आहे.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मुद्दाम धूसर ठेवली, असे मला वाटते. ती म्हणजे एकच बाजार आणि एकच सबसिडी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वीज सीमेपलीकडे विकायला देश एक असावा लागत नाही. आयर्लंड बेटावर २००७ पासून दोन देशांचा मिळून एकच घाऊक वीजबाजार चालतो आणि तो उत्तम चालतो. पण पवनचक्क्यांना द्यायचे पैसे तिथे कधी एकत्र झाले नाहीत. डब्लिनने आपली योजना वेगळी ठेवली, तर उत्तर आयर्लंडच्या प्रकल्पांची प्रमाणपत्रे ब्रिटिश योजनेतच राहिली, म्हणजे त्यांची किंमत मुख्यत्वे समुद्रापलीकडचा ब्रिटिश ग्राहक देतो. बेलफास्टची वीज बाजारभाव घेते डब्लिनसोबत आणि अनुदान घेते लंडनच्या गोतावळ्यातून. सामाईक बाजारासाठी तांत्रिक करार पुरतो. सामाईक सबसिडीसाठी आपण एका कुटुंबातले आहोत ही भावना लागते, किंवा मग अगदी काटेकोर देवघेव.

अशी काटेकोर देवघेव दोन स्वतंत्र देशांनी केल्याचे उदाहरण आहे, आणि स्वातंत्र्यवाद्यांनी ते जास्त वापरले नाही याचे मला आश्चर्य वाटते. १ जानेवारी २०१२ पासून नॉर्वे आणि स्वीडन यांनी हरित प्रमाणपत्रांचा सामाईक बाजार चालवला. २०२० पर्यंत दोघांत मिळून २६.४ अब्ज युनिट नव्या विजेचे उद्दिष्ट, खर्च निम्मानिम्मा, आणि प्रकल्प जिथे स्वस्त पडेल तिथे. पुढे स्वीडनने आपला वाटा वाढवला. यातून दिसते, की सीमेपलीकडच्या पवनचक्कीसाठी आपल्या ग्राहकाकडून पैसे घेणे अशक्य नाही. पण तिथे आरंभीच दोन्ही देशांनी समान बोजा मान्य केला होता. स्कॉटलंडच्या प्रस्तावात दहातला एक भाग भरणाऱ्याने पंचवीस टक्क्यांहून अधिक घ्यायचे होते. नॉर्वेनेसुद्धा २०२१ नंतरचे नवीन प्रकल्प या योजनेत घ्यायचे नाहीत असे ठरवले. शेजारधर्मालाही मुदत असते.

एवढे लिहिल्यावर मी लंडनच्या बाजूचा ठरेन, म्हणून दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडतो. लंडनचा २०१४ चा हिशेब त्या वर्षीचा फोटो होता, आणि ज्याचा फोटो काढला ती वस्तू बदलत होती. पहिली गोष्ट म्हणजे जुनी प्रमाणपत्रे संपत जाणार आहेत. २००२ सालच्या पहिल्या प्रकल्पांची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते आणि तिथून दहा वर्षांत हा सगळा भार उतरत जातो. दुसरी गोष्ट, नवीन प्रकल्पांना आता ठरावीक भावाचा करार मिळतो: बाजारभाव कमी असेल तर फरक ग्राहकांकडून मिळतो, जास्त असेल तर फरक परत करावा लागतो. २०२१ च्या हिवाळ्यापासून वायूचे भाव भडकले तेव्हा काही पवन प्रकल्पांनी खरोखरच पैसे परत केले. ज्यांच्याकडे जुनी प्रमाणपत्रे होती त्यांनी मात्र चढा बाजारभावही घेतला आणि वर प्रमाणपत्रेही. हा दोष योजनेच्या आखणीचा होता, आणि ती आखणी वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनच्या संसदेच्या, कायद्यातली होती.

तिसरी गोष्ट ताजी आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात लंडनने असे ठरवले, की घरगुती ग्राहकांवरचा या जुन्या प्रमाणपत्रांचा ७५ टक्के भार एप्रिल २०२६ पासून तीन वर्षे सरकारी तिजोरी उचलेल. सामान्य ग्राहकाला हा दिलासाच आहे, कारण विजेचे बिल गरिबाला जास्त बोचते आणि प्राप्तिकर श्रीमंताला. पण वाटणीच्या प्रश्नावर याचा परिणाम कोणी बोलून दाखवला नाही. काल जो भार बिलात होता, म्हणजे ग्राहक आणि कंपनी यांच्यातला होता, तो आता अंदाजपत्रकातली एक ओळ झाला. उद्या वाटाघाटीचे टेबल मांडले गेलेच तर ही ओळ राष्ट्रीय कर्जाच्या आणि निवृत्तिवेतनांच्या शेजारी बसेल. नव्या पद्धतीचे करार तर सरकारच्या मालकीच्या एका कंपनीने पवनचक्कीवाल्यांशी खासगी कायद्याखाली केलेले आहेत. देशाची सीमा हलली म्हणून ते आपोआप रद्द होत नाहीत. कराराखालचा पैसा कोणत्या ग्राहकांकडून गोळा करायचा एवढेच नव्याने ठरवावे लागेल, आणि ‘एवढेच’ या शब्दात पंधरा वर्षांची भांडणे आहेत.

बिलाच्या प्रश्नाइतकाच तारांचा प्रश्न अवघड आहे आणि माझी नोकरी त्याच्याशी निगडित असल्याने त्यावर जरा जास्त लिहिण्याचा मोह होतो. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या नवीकरणीय विजेचे प्रमाण तिथल्या एकूण वीजखपाच्या ११३ टक्के होते. आकडा अभिमानाचा आहे, पण तो वर्षाच्या बेरजेचा आहे. जानेवारीतल्या वादळी रात्री उत्तरेत वीज उतू जाते आणि इंग्लंडच्या सीमेवरच्या वाहिन्यांतून ती सगळी खाली जाऊ शकत नाही. मग ग्रीडचा चालक उत्तरेतल्या पवनचक्क्यांना थांबायला सांगतो आणि थांबण्याची भरपाई देतो; त्याच वेळी दक्षिणेतल्या वायूच्या केंद्राला सुरू व्हायला सांगून त्याचेही पैसे देतो. न वापरलेली वीज आणि वापरलेला वायू, दोन्ही बिलात. पश्चिम किनाऱ्याजवळून समुद्रतळाशी टाकलेली २,२०० मेगावॉटची केबल पूर्ण झाली, पीटरहेडहून यॉर्कशायरमधल्या ड्रॅक्सपर्यंत पाचशे किलोमीटरची दुसरी टाकण्याचे काम चालू आहे. या केबलींचा खर्चही साऱ्या ग्राहकांत वाटला जातो.

या अडचणीवर एक उपाय सुचवला गेला होता: देशाचे भाग पाडून प्रत्येक भागात विजेचा भाव वेगळा ठेवायचा. नॉर्वेत असे पाच भाग आहेत आणि २०२२ च्या उन्हाळ्यात व शरदात दक्षिण नॉर्वेत भाव आकाशाला भिडले असताना उत्तरेत ट्रॉम्सोकडे वीज नाममात्र भावात मिळत होती. ब्रिटनमध्ये असे झाले असते तर स्कॉटलंडमधला घाऊक भाव पडला असता, माझ्या शेजारणीचे बिल कमी झाले असते आणि टेकडीवरच्या प्रकल्पाची कमाईही घटली असती. जुलै २०२५ मध्ये लंडनने हा पर्याय फेटाळला. गुंतवणूकदार बिथरतील हे कारण सांगितले गेले आणि ते पोकळ नव्हते. पण लक्षात घ्या, स्वतंत्र स्कॉटलंडची सीमा झाली तर ती सीमाच भावाची सीमा होण्याची दाट शक्यता आहे. जे अर्थशास्त्रज्ञांना समित्यांतून मिळाले नाही ते राजकारणातून आपसूक घडेल. त्यात स्कॉटिश ग्राहक जिंकेल आणि स्कॉटिश पवनचक्की हरेल. प्रचारात मात्र दोघेही एकाच वेळी जिंकताना दाखवले जातात. ऐंशी टक्के घसाऱ्याची जाहिरात करणाऱ्या आमच्या जुन्या एजंटांची मला आठवण होते.

मग वाऱ्यातून राज्याला काहीच मिळवता येत नाही का? येते, पण त्यासाठी अटी आधी घालाव्या लागतात. याचे सर्वात चांगले उदाहरण तेलाच्या काळातले आणि स्कॉटलंडच्याच टोकाचे आहे. शेटलंड बेटांची लोकसंख्या आजही तेवीस हजारांच्या आसपास आहे. सत्तरच्या दशकात सलम व्हो येथे तेलाचे टर्मिनल होणार असे दिसताच तिथल्या कौन्सिलने वेस्टमिन्स्टरकडून १९७४ साली स्वतःपुरता कायदा मंजूर करून घेतला, जमीन आणि बंदर आपल्या ताब्यात ठेवले आणि तेल कंपन्यांशी भरपाईचा करार केला. त्या पैशातून उभा राहिलेला विश्वस्त निधी आजही वृद्धाश्रम आणि क्रीडासंकुले चालवायला मदत करतो. त्याच वर्षी, १९७४ मध्ये, गॅव्हिन मॅक्रोन या सरकारी अर्थतज्ज्ञाने तेलामुळे स्वतंत्र स्कॉटलंडची तिजोरी किती भरेल याचे टिपण लिहिले. ते २००५ पर्यंत दडून राहिले. राष्ट्राचे टिपण कपाटात आणि बेटाचा कायदा अंमलात. यातले शहाणपण कुठले, हे मी वाचकांवर सोडतो.

वाऱ्याच्या बाबतीत असा क्षण जानेवारी २०२२ मध्ये आला होता. समुद्रतळाची मालकी सांभाळणारी संस्था २०१७ मध्ये एडिंबराकडे सोपवली गेली होती आणि तिने समुद्रातल्या जागांचे पट्टे देण्याची पहिली मोठी फेरी घेतली. सतरा प्रकल्प, सुमारे २५ हजार मेगावॉट, मिळालेली रक्कम जेमतेम ७० कोटी पौंड, आणि तीही एकदाच. कारण दर चौरस किलोमीटरला एक लाख पौंडांच्या वर बोली लावायचीच नाही, अशी मर्यादा आधीच घातलेली होती. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंड आणि वेल्सच्या समुद्रात ८ हजार मेगावॉटच्या जागांसाठी जवळजवळ ८८ कोटी पौंड मिळाले होते, आणि ते एकदा नव्हे, तर पट्टा पक्का होईपर्यंत दरवर्षी. मर्यादेच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो मला पूर्णपणे झटकता येत नाही: जागेला जास्त पैसे घेतले की ते शेवटी विजेच्या भावात येतात. पण स्वातंत्र्याचे अर्थकारण वाऱ्यावर उभे करू म्हणणाऱ्या पक्षाचेच सरकार तेव्हा होते. इतर ग्राहकांच्या बिलातून येणारे पैसे हक्काचे मानायचे आणि स्वतःच्या समुद्राचे भाडे मात्र स्वस्तात सोडायचे, याची संगती मला लागत नाही. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये याच पैशातले ४६ कोटी पौंडांपर्यंत दैनंदिन खर्चाची तोंडमिळवणी करायला वापरण्याची तयारी अर्थमंत्र्यांनी जाहीर केली. तेलाच्या पैशातून साठवलेल्या नॉर्वेच्या निधीचे गोडवे ज्या सभागृहात वर्षानुवर्षे गायले गेले, तिथेच ही घोषणा झाली.

रोजगाराबद्दल एकच सांगतो. फाइफच्या किनाऱ्यावर मेथिल आणि बर्न्टआयलंड येथे पवनचक्क्यांचे पोलादी पाये बनवणारे कारखाने होते. स्कॉटिश सरकारने त्यात कोट्यवधी पौंड घातले आणि डिसेंबर २०२० मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. पूर्व किनाऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या प्रकल्पांचे बरेचसे पाये आशियातल्या यार्डांतून बार्जवरून आले.

सरकारी जमाखर्चाचे आकडे लेखात आले आहेत, म्हणून त्यांची पुनरुक्ती करत नाही. २०२३-२४ मध्ये स्कॉटलंडची वित्तीय तूट सकल उत्पन्नाच्या १०.४ टक्के आणि साऱ्या ब्रिटनची ४.५ टक्के होती, एवढी नोंद पुरे. त्या जमाखर्चात तेलाच्या उत्पन्नाला स्वतःची ओळ आहे. २०११-१२ मध्ये ती १० अब्ज पौंडांच्या घरात होती आणि भाव कोसळल्यावर २०१५-१६ मध्ये ६ कोटींवर आली. वाऱ्याला तिथे अशी ओळच नाही. पवन कंपन्या मुख्यत्वे इतर कंपन्यांसारखा नफ्यावर कर भरतात आणि जागेचे भाडे देतात. स्वातंत्र्याची इच्छा बाळगणाऱ्या माणसाला हे सांगून गप्प बसवावे असा माझा हेतू नाही. माझ्या ओळखीचे निम्मे लोक त्या मताचे आहेत आणि त्यांतल्या कोणीही ते मत १८९ पौंडांकडे बघून बनवलेले नाही. पण जो मुद्दा पैशाचा म्हणून मांडला जातो, तो पैशाच्याच कसोटीवर तपासला जावा.

लेखाच्या शेवटी विदर्भाचा उल्लेख आहे, त्याविषयी दोन ओळी. कोराडी आणि चंद्रपूरच्या विजेवर स्वतंत्र विदर्भ श्रीमंत होईल, हा युक्तिवाद मी नागपूरच्या मित्रांकडून ऐकत आलो आहे. राख आणि धूर त्यांच्या वाट्याला येतो हे खरे आहे आणि त्याचा मोबदला त्यांनी मागायलाच हवा. परंतु आपल्याकडे राज्य सरकारचे वीज शुल्क राज्यातल्या खपावर बसते. बाहेर गेलेल्या युनिटवर ते लावता येत नाही. वीजकेंद्र कुठे आहे यापेक्षा वीज कोण विकत घेणार, कोणत्या दराने आणि किती वर्षांच्या कराराने, हे तिथेही आधी विचारावे लागेल.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या सभागृहात, निधीतूनच बांधलेल्या त्या छपराखाली, पवनचक्कीच्या कंपनीने ग्रामस्थांची बैठक बोलावली होती. टेकडीवरच्या यंत्रांची प्रमाणपत्रांची मुदत संपत आली आहे. ती काढून त्यांच्या जागी संख्येने कमी पण दुप्पट उंचीची यंत्रे उभारायचा त्यांचा बेत आहे. भिंतीवर चित्रे लावली होती, चहाबिस्किटे होती. आवाज, पक्षी, रस्त्यावरची वाहतूक यांवर बरेच प्रश्न झाले. शेवटी मागच्या रांगेतल्या एका वृद्ध मेंढपाळाने उभे राहून विचारले, “मेगावॉट वाढणार, तर गावाला मिळणारे पाच हजारसुद्धा वाढणार का?” कंपनीच्या तरुण प्रतिनिधीने वही चाळली आणि तो आकडा सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांतला असल्याचे सांगितले. मेंढपाळाने मान हलवली, टोपी घातली आणि तो चहाच्या टेबलाकडे गेला.

आपला एक वाचक,
पर्थशायर, स्कॉटलंड
(मूळ गाव : तालुका पाटण, जिल्हा सातारा)